ॲलस्डेअर ग्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'पुअर थिंग्ज' हा सिनेमा पाहून मूळ लेखकाच्या शोधात निघालेल्या वाचकांसाठी हे पान आहे. प्रश्न कोणत्याही क्रमाने वाचले तरी चालतील. ग्रेने स्वतःची पहिली कादंबरीसुद्धा क्रमाने छापलेली नाही.

'पुअर थिंग्ज'चा लेखक आणि स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरातल्या भिंती रंगवणारा ग्रे, हे दोघं एकच का?

एकच. जन्म २८ डिसेंबर १९३४, ग्लासगोच्या ईशान्येकडच्या रिड्री वस्तीत. मृत्यू २९ डिसेंबर २०१९, ग्लासगोतच, पंच्याऐंशीवा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. मधल्या काळात कादंबऱ्या, कथा, रेडिओ-टीव्हीची नाटकं, कविता, पत्रकं, शेकडो चित्रं आणि भित्तिचित्रं. स्वतःच्या पुस्तकांची मुखपृष्ठं, आतली चित्रं, पानांची मांडणी, बहुतेक सगळं त्याचंच.

मग तो आधी चित्रकार की आधी लेखक?

हा प्रश्न त्याला आयुष्यभर विचारला गेला. शिक्षण चित्रकलेचं : १९५२ ते १९५७ ग्लासगो स्कूल ऑफ आर्ट, विषय भित्तिचित्र आणि संकल्पन. पण याच वर्षांत, १९५४ च्या सुमारास, त्याने पुढे 'लॅनार्क' म्हणून प्रसिद्ध झालेल्या कादंबरीला हात घातला. दोन्ही कामं एकाच टेबलावर चालायची.

मला स्वतःला ही विभागणीच निरुपयोगी वाटते. त्याची चित्रं पाहा : ठळक काळी बाह्यरेषा, आत सपाट रंग, छायाप्रकाशाचे लाड नाहीत, आणि चौकटीत कुठेतरी अक्षरं. ही छापखान्याची भाषा आहे. उलट त्याचं गद्य वाचताना खोलीतली प्रत्येक वस्तू कुठे ठेवलीय ते दिसतं. विल्यम ब्लेक हा त्याचा आदर्श होता हे यावरून सहज कळतं. ब्लेकनेही शब्द आणि चित्र एकाच पत्र्यावर कोरलं होतं.

घरची परिस्थिती कशी होती?

कामगाराची, पण पुस्तकांची. वडील ॲलेक्झांडर पहिल्या महायुद्धात जखमी झालेले, नंतर खोक्यांच्या कारखान्यात यंत्रावर कामाला. समाजवादी विचारांचे, डोंगर चढायचा नाद असलेले. आई एमी कपड्यांच्या दुकानात काम केलेली. रिड्रीतली घरं नगरपालिकेने बांधलेली, मजबूत, आणि जवळ सार्वजनिक वाचनालय. सरकारी घर, सरकारी शाळा, सरकारी वाचनालय, पुढे सरकारी पैशावर कलाशिक्षण : आपण जे काही झालो ते या व्यवस्थेमुळे, हे ग्रे शेवटपर्यंत सांगत राहिला. त्याच्या राजकारणाचं मूळ इथे आहे.

दुसऱ्या महायुद्धात मुलांना शहराबाहेर हलवलं गेलं. काही काळ गावात, मग यॉर्कशरमधल्या वेदरबी इथे, जिथे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांचं वसतिगृह सांभाळत होते. लहानपणापासून दमा आणि इसब. १९५२ मध्ये आई कर्करोगाने गेली. तेव्हा तो शाळाही पुरती संपलेली नव्हती अशा वयाचा होता. दमा, इसब आणि आईचा मृत्यू, तिन्ही गोष्टी 'लॅनार्क'मध्ये आल्या आहेत.

'लॅनार्क'ला जवळजवळ पाव शतक का लागलं?

थोडं आळसामुळे, बरंच पैशाच्या ओढाताणीमुळे आणि काही प्रकाशनव्यवहारामुळे. १९६३ मध्ये पहिला भाग एका साहित्यिक एजंटकडे गेला, नाकारला गेला. सत्तरच्या दशकात लंडनच्या एका प्रकाशकाला वाटलं की एका बाडात दोन कादंबऱ्या आहेत, त्या वेगळ्या कराव्यात. ग्रे तयार झाला नाही. शेवटी एडिंबरोच्या कॅनॉनगेट या छोट्या प्रकाशनाने २५ फेब्रुवारी १९८१ ला ती छापली. लेखक तेव्हा ४६ वर्षांचा होता. २५ फेब्रुवारी आता 'ग्रे डे' म्हणून साजरा होतो.

त्यात आहे तरी काय?

दोन गोष्टी. एक डंकन थॉ नावाच्या मुलाची : ग्लासगो, युद्धकाळ, शाळा, दमा, कलाशाळा, एका चर्चमध्ये कधीच पुरं न होणारं भित्तिचित्र, आणि वाताहत. ही सरळ वास्तववादी आहे, आणि इतकी नेमकी की वाचताना अंग आक्रसतं.

दुसरी लॅनार्क नावाच्या माणसाची. तो अनथँक नावाच्या शहरात पोचतो, जिथे सूर्य जेमतेम उगवतो आणि माणसं अचानक नाहीशी होतात. तिथे लोकांना विचित्र रोग होतात. कुणाची कातडी हळूहळू ड्रॅगनसारखी टणक होत जाते. आतली ऊब बाहेर पडू न देणाऱ्या माणसाचा हा रोग. मग तो जमिनीखालच्या एका प्रचंड इस्पितळात जातो. तिथे कळतं की जे रोगी बरे होत नाहीत त्यांच्यावर इस्पितळ चालतं : त्यांच्यापासून वीज मिळते आणि अन्नही. लॅनार्कने तिथे बरेच दिवस जेवलेलं असतं. मोठ्या संस्था कशावर जगतात याचं याहून थेट चित्र मी वाचलेलं नाही.

लॅनार्क म्हणजे मेल्यानंतरचा थॉ, असं धरून चालता येतं.

तिसरा भाग आधी, मग पहिला, दुसरा आणि चौथा. हा काय चावटपणा?

चावटपणा आहेच, पण त्यामागे हिशेब आहे. आधी अनथँकमध्ये टाकल्यामुळे वाचकही लॅनार्कइतकाच गोंधळलेला असतो. मग मागे जाऊन ग्लासगोचे भाग वाचताना तो प्रत्येक खोकला, प्रत्येक खपली वेगळ्या नजरेने बघतो. प्रस्तावना पुस्तकाच्या आत आहे आणि उपसंहार शेवटच्या काही प्रकरणांच्या आधीच. त्या उपसंहारात नायकाची गाठ खुद्द लेखकाशी पडते. लेखक जादूगारासारखा ऐटीत बसलेला, आणि नायक त्याला विचारतो, माझा शेवट इतका वाईट का केलास? बाजूला समासात 'वाङ्मयचौर्याची सूची' चालू असते, म्हणजे कुणाकुणाकडून काय उचललं याची कबुली. त्या सूचीत पुस्तकात नसलेल्या प्रकरणांचेही हवाले दिलेले आहेत. अभ्यासकांना कामाला लावायची त्याला हौस होती.

ग्लासगोबद्दलचा तो प्रसिद्ध उतारा कोणता?

थॉ आणि त्याचा मित्र उंचावरून शहराकडे बघत असतात. मित्र म्हणतो, हे शहर एवढं भव्य आहे, मग आपल्या ते कधी लक्षात का येत नाही? थॉ म्हणतो, कारण इथे राहण्याची कल्पना कुणी करत नाही. फ्लॉरेन्स, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क इथे पहिल्यांदा जाणारा माणूसही परका नसतो. चित्रांतून, कादंबऱ्यांतून, सिनेमांतून तो तिथे आधीच राहून आलेला असतो. ग्लासगो मात्र तिथल्याच माणसांसाठी म्हणजे घर, कामाची जागा, फुटबॉलचं मैदान, दोन-चार पब आणि त्यांना जोडणारे रस्ते.

हा उतारा इतका उद्धृत होतो की झिजून गेलाय. तरी सांगतो, कारण ग्रेच्या सगळ्या कामाची ती कार्यक्रमपत्रिका आहे. १९६४ चं त्याचं काउकॅडन्सच्या रस्त्याचं मोठं चित्र पाहा किंवा १९७७ मध्ये पीपल्स पॅलेस या शहर-संग्रहालयासाठी केलेलं काम. तिथे त्याला 'नोंद करणारा चित्रकार' म्हणून नेमलं होतं : राजकारणी, लेखक, कामगार, दुकानदार, पाडायला आलेले रस्ते, जे दिसेल ते काढायचं. शहर पाडलं जात होतं आणि हा त्याची नोंदवही भरत होता.

पोट कशावर भरायचं?

अवघड प्रश्न. शाळांत चित्रकला शिकवली, नाट्यगृहांचे पडदे रंगवले, बीबीसीसाठी नाटकं लिहिली. १९६४ मध्ये त्याच्या एका मित्राने बीबीसीसाठी त्याच्यावर माहितीपट केला आणि बघणाऱ्याला वाटावं की हा चित्रकार मरून गेलाय, अशी त्याची मांडणी ठेवली. चित्रांचा भाव वाढला नाही, पण मानधनावर काही महिने निघाले. १९७७ ते १९७९ ग्लासगो विद्यापीठात निवासी लेखक. पुढे, २००१ नंतर, जेम्स केल्मन आणि टॉम लेनर्ड या ग्लासगोच्याच लेखकांसोबत तिघांत मिळून एक प्राध्यापकपद.

व्यवहारात तो कच्चा होता. १९५७ मध्ये प्रवास-शिष्यवृत्ती मिळाली, स्पेनला निघाला, वाटेत दम्याने गाठलं आणि जिब्राल्टरच्या इस्पितळात पडून राहिला. वर पैसे चोरीला गेले. परत येऊन त्याने विश्वस्तांना रीतसर अहवाल लिहिला. तो अहवाल 'लीन टेल्स' या १९८५ च्या संग्रहात आहे. न झालेल्या प्रवासाचं इतकं चांगलं प्रवासवर्णन क्वचित सापडेल.

त्याची भित्तिचित्रं आज कुठे बघता येतात?

सगळ्यात मोठं गेलं, हे आधी सांगून टाकतो. १९५९ ते १९६३ अशी चार वर्षं ब्रिजटन भागातल्या ग्रीनहेड चर्चमध्ये त्याने सृष्टीच्या उत्पत्तीचे सात दिवस रंगवले. मोबदला जवळजवळ शून्य. सत्तरच्या दशकात चर्चच जमीनदोस्त झालं. 'लॅनार्क'मधलं थॉचं भित्तिचित्र या अनुभवातून आलंय.

जी आहेत ती मुख्यतः शहराच्या वेस्ट एंड भागात, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. ॲशटन लेनमधल्या 'युबिक्विटस चिप' या हॉटेलच्या भिंती त्याने रंगवल्या त्या जेवणाच्या बदल्यात. जवळच हिलहेडच्या भुयारी रेल्वे स्टेशनात २०१२ मध्ये लावलेलं फरशांचं भित्तिचित्र आहे : परिसराचा नकाशा आणि दोन्ही बाजूंना नाना प्रकारची माणसं, प्रत्येकाखाली छोटी चिमटेदार ओळ. प्रवासी आपली ओळ शोधत उभे राहतात. त्यावरच्या कवितेचा मतलब असा की पोटासाठी रोजची ये-जा करताना लहानपणी जे आशेचं आणि मोकळेपणाचं वाटलं होतं ते हरवू देऊ नका. सकाळच्या गर्दीत उभं राहून वाचण्यासारखं.

बायर्स रोडच्या टोकाला 'ओरान मोर' आहे. आधी चर्च होतं, २००४ पासून पब आणि नाट्यगृह. तिथलं छत म्हणजे ग्रेच्या उत्तरायुष्यातलं मुख्य काम : गडद निळं आकाश, तारे, राशी, आदम आणि ईव्ह, आणि तुळयांवर मोठ्या अक्षरांत आपण कुठून आलो, कोण आहोत, कुठे चाललो हे प्रश्न. वर्षानुवर्षं तो परांचीवर चढून तिथे रंगवत होता. खाली त्याच दालनात लोक लग्नाच्या पार्ट्या करतात, याचं त्याला काहीच वाटायचं नाही. संग्रहालयापेक्षा लोक जिथे खातात-पितात तिथे चित्र असावं, हे त्याला पटायचं.

'१९८२, जनीन' अश्लील आहे असं ऐकलं. वाचावी का?

आहे. वाचावी. एका छोट्या गावातल्या हॉटेलच्या खोलीत जॉक मॅकलीश नावाचा माणूस रात्रभर दारू पितोय. धंदा सुरक्षा-यंत्रणा बसवण्याचा, मतं हुजूर पक्षाची, बायको सोडून गेलेली. झोप येत नाही म्हणून तो डोक्यात लैंगिक कल्पनाचित्रं रचतो. त्यातल्या बायका म्हणजे बांधलेल्या, फसवलेल्या, पिंजऱ्यात अडकलेल्या. वाचक वैतागतो, आणि तेवढ्यात लक्षात येतं की तो स्वतःचीच कैद रंगवतोय. वारंवार त्याचं मन त्या चित्रांतून निसटून आईकडे, पहिल्या प्रेमाकडे, स्कॉटलंडकडे जातं. १९७९ च्या सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी ५१.६ टक्के लोकांनी स्वतःच्या विधानसभेला होकार दिला होता, पण एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांची अट पुरी झाली नाही म्हणून तो होकार बाद ठरला. या कादंबरीतली घुसमट त्या वर्षांची आहे.

अकराव्या प्रकरणात तो औषधाच्या गोळ्या एकदम गिळतो आणि पान फुटतं. एका स्तंभात शरीराचा ताप, दुसऱ्यात कल्पनाचित्रं, समासात आडवी-तिडवी वाक्यं, आणि अगदी बारीक टाइपात कुणीतरी शांतपणे बोलतंय. तो बारीक आवाज देवाचा. ग्रेला स्वतःची हीच कादंबरी सर्वांत आवडायची. मी त्याच्याशी सहमत आहे, पण पहिली म्हणून ही हातात घेऊ नका.

'पुअर थिंग्ज'चं पुस्तक आणि सिनेमा यांत फरक काय?

सिनेमा यॉर्गोस लँथिमॉसचा, २०२३ चा. व्हेनिसचा सुवर्णसिंह आणि चार ऑस्कर, त्यात एमा स्टोनला अभिनेत्रीचं. दिग्दर्शक काही वर्षं आधी ग्लासगोला येऊन ग्रेला भेटला होता; ग्रेने त्याला शहर फिरवून दाखवलं. पण पडद्यावर ग्लासगो नाही, लंडन आहे. ग्लासगोकर यावर अजून कुरकुरतात आणि मला ती कुरकुर रास्त वाटते.

खरा फरक मात्र जागेचा नाही. १९९२ च्या या पुस्तकाला व्हिटब्रेड आणि गार्डियन, असे दोन पुरस्कार मिळाले, ते त्याच्या रचनेमुळे. ग्रे इथे लेखक नाही, फक्त 'संपादक' आहे. मॅककँडलेस नावाच्या एका सार्वजनिक आरोग्य अधिकाऱ्याचं जुनं आत्मचरित्र सापडल्याचं तो सांगतो. गोष्ट अशी : क्लाइड नदीत जीव दिलेल्या गरोदर बाईच्या देहात तिच्याच अर्भकाचा मेंदू बसवून गॉडविन बॅक्स्टर बेलाला जिवंत करतो. सिनेमा जवळपास या आत्मचरित्रापुरताच आहे.

पुस्तकात त्यानंतर एक पत्र आहे. लिहिणारी व्हिक्टोरिया मॅककँडलेस, म्हणजे बेलाच, आता म्हातारी डॉक्टर. ती म्हणते, माझ्या नवऱ्याचं हे पुस्तक म्हणजे थापा आहेत; मेंदूबिंदू काही नाही, मी जाचाला कंटाळून पहिल्या नवऱ्याच्या घरून पळालेली साधी बाई. पत्रावर तारीख १ ऑगस्ट १९१४ ची. कामगार एकजुटीने महायुद्ध थांबवतील अशी तिला खात्री आहे. तीन दिवसांनी ब्रिटन युद्धात उतरलं. वाचकाला हे माहीत असतं, तिला नाही. पत्रानंतर 'संपादका'च्या टिपा येतात, आणि हा गृहस्थ तिचं न ऐकता नवऱ्याचीच बाजू घेतो! बाई स्वतःच्या तोंडाने स्वतःची हकीकत सांगतेय आणि दोन पुरुष तिला अडवताहेत. सिनेमाने हे पत्रच गाळलं, त्यामुळे एक थरारक परीकथा उरली. चांगली आहे, पण अर्धी.

मधल्या एका ठिकाणी, अलेक्झांड्रियात भिकारी मुलं बघून बेला कोसळते. तिथे छापील मजकूर थांबतो आणि पुढची काही पानं तिच्या वेड्यावाकड्या, रडत लिहिलेल्या हस्ताक्षराची येतात. ते हस्ताक्षर अर्थात ग्रेचं. आतली व्यक्तिचित्रंही त्याचीच, पण पुस्तकात त्यांचं श्रेय विल्यम स्ट्रँग या खऱ्याखुऱ्या कोरीवकाम करणाऱ्या चित्रकाराला दिलेलं आहे.

ती 'चुकून घातलेली चिठ्ठी' काय प्रकार होता?

१९८३ च्या 'अनलाइकली स्टोरीज, मोस्टली' या कथासंग्रहाच्या पहिल्या आवृत्तीत शुद्धिपत्राची चिठ्ठी निघायची. तिच्यावर एवढंच : ही चिठ्ठी चुकून घातली गेली आहे.

पार्लमेंटच्या भिंतीवरचं वाक्य त्याचंच ना?

'एका अधिक चांगल्या राष्ट्राचे हे पहिले दिवस आहेत, असं समजून काम करा' या अर्थाचं ते वाक्य. एडिंबरोतल्या स्कॉटिश पार्लमेंटच्या कॅनॉनगेट रस्त्याकडच्या भिंतीत ते कोरलंय, ग्रेच्या नावाने. मूळ कल्पना कॅनडाचा कवी डेनिस ली याच्या कवितेतली. हे ग्रे स्वतःच वारंवार सांगायचा, पण कोण ऐकतो.

तो स्वतंत्र स्कॉटलंडचा आणि समाजवादाचा खंदा समर्थक होता. १९९२ मध्ये त्याने या विषयावर पुस्तिका काढली. मे २०१४ मध्ये 'संडे हेरल्ड' या वृत्तपत्राने स्वातंत्र्याच्या सार्वमतात होकाराची बाजू घेतली तेव्हा पहिल्या पानाचं चित्र त्याचं होतं. २०१२ मध्ये त्याने एका निबंधात बाहेरून येणाऱ्यांचे 'स्थायिक' (इथलेच होऊन राहणारे) आणि 'वसाहतवाले' (पदापुरते येऊन परतणारे) असे दोन गट पाडले आणि बराच गदारोळ झाला. कलासंस्थांवर बसलेले अधिकारी हा त्याचा रोख होता, पण माणसांची अशी वर्गवारी ऐकणाऱ्याला टोचणारच.

त्याच्याबरोबरीचे लेखक कोण?

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फिलिप हॉब्सबॉम या समीक्षकाच्या ग्लासगोतल्या घरी लेखकांची बैठक भरायची. ग्रे, केल्मन, लेनर्ड, लिझ लॉकहेड हे सगळे तिथले. 'लीन टेल्स'मध्ये ग्रे आणि केल्मनबरोबर अ‍ॅग्नेस ओवेन्स आहे. घरकाम करून कथा लिहिणारी ही बाई अजूनही पुरेशी वाचली जात नाही.

शेवटची वर्षं कशी गेली?

१९९१ मध्ये त्याने मोरॅग मॅकअल्पाइनशी दुसरं लग्न केलं होतं. ती २०१४ मध्ये गेली. त्या वर्षीच्या हिवाळ्यात केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयात त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलेलं होतं. २०१५ च्या जूनमध्ये घराबाहेर पडून पाठीच्या कण्याला इजा झाली आणि नंतरचं आयुष्य चाकाच्या खुर्चीत. तिथे बसून त्याने दान्तेची 'डिव्हाइन कॉमेडी' आपल्या इंग्रजीत आणली. नरक २०१८ मध्ये, शुद्धिलोक २०१९ मध्ये, स्वर्ग त्याच्या मृत्यूनंतर २०२० मध्ये निघाला. देह त्याने वैद्यकीय संशोधनासाठी दिला होता, त्यामुळे अंत्यसंस्कार झाले नाहीत. त्याच्या वस्तू, कागद आणि चित्रं ग्लासगोतल्या 'द व्हिस्की बाँड' इमारतीत जपलेली आहेत.

सुरुवात कुठून करू?

'पुअर थिंग्ज'पासून, पत्र आणि टिपांसकट, शेवटच्या पानापर्यंत. मग 'अनलाइकली स्टोरीज'. मग सवडीने 'लॅनार्क'. चित्रांसाठी २०१० चं 'अ लाइफ इन पिक्चर्स', जे त्याचं आत्मचरित्रही आहे. २००० चं 'द बुक ऑफ प्रीफेसेस', म्हणजे शतकानुशतकांच्या इंग्रजी पुस्तकांच्या प्रस्तावना आणि समासात लाल शाईत भाष्य, हे सलग वाचायचं पुस्तक नाही, उशाशी ठेवा.

ई-बुक घेतलं तर चालेल का?

कथांना चालेल. 'जनीन'चं अकरावं प्रकरण आणि 'लॅनार्क'चा उपसंहार यांसाठी मात्र कागदाची प्रतच घ्या, जुनी मिळाली तर उत्तम. पडद्यावर अक्षराचा आकार वाढवला की स्तंभ एकमेकांत घुसतात. आणि जुनी प्रत घेतलीत तर वेष्टन काढून आतला पुठ्ठाही बघा. ग्रेला तिथेही काहीतरी लिहून ठेवायची सवय होती.